डाव्या पायाची शिकवणी

भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना आमच्या घरी एक स्टिअरिंग ठेवून गेला. नुसतं स्टिअरिंग, गाडी नाही. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं एक चाक, जमिनीवर ठेवायची तीन पेडलं आणि हे सगळं संगणकाला जोडणाऱ्या वायरींचं भेंडोळं. "मामा, विकू नका हं. आणि अधूनमधून चालवत राहा, नाहीतर जाम होईल," असं त्यानं विमानतळावर बजावलं. परगावी निघालेला माणूस शेजाऱ्याच्या हाती स्कूटरची किल्ली देऊन आठवड्यातून एकदा किक मारायला सांगतो ना, त्याच सुरात. मी चौपन्न वर्षांचा आहे. शब्द दिला की पाळतो.

पहिले दोन महिने मी ते यंत्र फक्त पुसलं. मग एका रविवारी, जेवण जड झालेलं, झोप येत नाही आणि घरात कुणी नाही असा दुर्मीळ योग जुळून आला, तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर उतरलो. संगणकावरच्या या शर्यतींना सिम रेसिंग म्हणतात, आणि त्यातली ही सोय मला फार आवडते. व्हिसा लागत नाही. जगातले खरे ट्रॅक लेसरनं मोजून जसेच्या तसे या खेळांत उतरवलेले असतात, कुठे उंचवटा आहे, कुठे कडेचा दगड वर आलाय, सगळं. १९२२ साली बांधलेल्या मोंझाच्या रस्त्याची जेवढी मापं निघाली आहेत, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा खड्डा कुणी मोजलेला नाही.

मोंझाचा पहिला रस्ता सरळसोट. माणसाला वाटतं, आपल्याला जमतंय. आणि नेमकं तसं वाटत असतानाच रस्ता आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे अशी मुरड घेतो. तिथे मी ॲक्सिलरेटरवरचा उजवा पाय उचलला, तो ब्रेककडे नेला, ब्रेक सापडला, दाबला. तोवर वळण मागे पडलं होतं आणि मी इटलीच्या हिरवळीवरून जात होतो. पाच वेळा गेलो. त्या हिरवळीवर माझ्या चाकांची पायवाट पडली असती.

रात्री भाच्याला फोन लावला. तो आखेनला असतो. तिथून न्यूरबुर्गरिंगचा तो प्रसिद्ध जुना ट्रॅक तासा-दीड तासावर आहे, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द घरात प्रमाण मानला जातो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "मामा, ब्रेक कोणत्या पायानं मारताय?"

"कोणत्या म्हणजे? उजव्या!"

"डाव्यानं मारा."

मी गप्प झालो. पंचवीस वर्षं पोळी उजव्या हातानं खाणाऱ्याला कुणी सांगावं, डाव्यानं खा, पोट लवकर भरेल.

पण त्याचा हिशेब बिनतोड होता. गाडी तासाला २७० किलोमीटरनं जात असेल तर ती सेकंदाला ७५ मीटर जाते. पाय एका पेडलवरून उचलून दुसऱ्यावर ठेवायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, तरी तेवढ्यात १५ मीटर गेले. हे १५ मीटर कुणाच्याच नियंत्रणाखाली नसतात. ना ॲक्सिलरेटरच्या, ना ब्रेकच्या. डावा पाय आधीच ब्रेकवर तयार बसलेला असला, तर हा मधला प्रवासच उरत नाही. आणि या गाड्यांना गिअर बदलायला स्टिअरिंगमागे दोन पाती असतात, क्लचचं कामच नाही. म्हणजे डावा पाय नाहीतरी रिकामाच. "बसून तर असतो," भाचा म्हणाला. निवृत्त नातेवाइकाला सोसायटीच्या कमिटीवर घेताना हेच म्हणतात.

आता माझ्या डाव्या पायाची बाजूही मांडायला हवी.

मी गाडी शिकलो ती सदाशिव पेठेतल्या एका मास्तरांकडे. पहिल्या दिवशी मास्तरांनी खाली बोट दाखवून सांगितलं, "हे ए, हे बी, हे सी. ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच. उजवीकडून वाचायचं." बाराखडी डावीकडून वाचायची सवय असलेल्या मला ती सी-बी-ए दिसायची, पण ते मी मनात ठेवलं. "उजवा पाय ए आणि बी. डावा पाय फक्त सी. डाव्या पायानं दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही." पायानं हात लावायचा नाही, हे वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. मास्तर डावीकडे बसत आणि त्यांच्या पायाशीही एक जादा ब्रेक नि एक जादा क्लच असे. एकवीस दिवस आम्ही लक्ष्मी रोड, बाजीराव रोड असं सगळं पालथं घातलं. त्यात मी गाडी चालवली असा माझा बरेच दिवस समज होता. लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा एकट्यानं गाडी काढली तेव्हा कळलं, की ब्रेक एकवीसही दिवस मास्तर लावत होते.

तर या शिक्षणात डाव्या पायाच्या वाट्याला आला क्लच. क्लचचं तत्त्व सोपं: दाबायचा तर तळापर्यंत दाबायचा. सोडताना थोडी कला आहे, हे चढावर गाडी थांबवलेला माणूस सांगेल. पण दाबताना कसला विचार नाही. पंचवीस वर्षं, दिवसातून कित्येकशे वेळा माझ्या डाव्या पायानं हेच केलं. पाव दाबणं, अर्धं दाबणं, नुसतं टेकवणं हे प्रकार त्याला कुणी शिकवलेच नाहीत. उजवा पाय तेवढ्या काळात केवढा सुसंस्कृत झाला! पाण्याचा ग्लास घेऊन बसलेल्या आईला घेऊन तो सिग्नलला अलगद थांबतो. डावा मात्र कारखान्यातल्या पंच मशीनसारखा राहिला. खटॅक. खटॅक.

तशी आपल्याकडे डाव्या पायाची उपेक्षा जुनीच आहे. नवी नवरी माप ओलांडते ते उजव्या पायानं. नव्या घरात, देवळात, परीक्षेच्या हॉलमध्ये, सगळीकडे आधी उजवा. आयुष्यात डाव्या पायाला मान मिळाला तो फक्त शाळेच्या कवायतीत, कारण तिथे पहिलं पाऊल डावं. त्यातही माझं चुकायचं.

तर अशा या पायाला मी ब्रेकवर ठेवला आणि मोंझाला परत गेलो. सरळ रस्ता संपत आला, वळण दिसलं, आणि डाव्या पायानं त्याला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट केली. खटॅक. पडद्यावर चारही चाकं जाम झाली, धूर निघाला. ते एक वेळ ठीक. पण माझी खुर्ची चाकांची आहे. पायानं पेडल जेवढ्या जोरात पुढे ढकललं, तेवढ्याच जोरात पेडलनं मला मागे ढकललं. मोंझातली गाडी सरळ पुढे वाळूत गेली आणि मी सरळ मागे कपाटावर गेलो. न्यूटनचा तिसरा नियम नववीत पाठ केला होता. समजला चौपन्नाव्या वर्षी. कपाटाचा आवाज ऐकून ही आत आली. मी हेडफोन लावून, पाय लांब करून, कपाटाला टेकून बसलो होतो.

"अहो, पडलात?"

"नाही. ब्रेक लावला."

ती काही न बोलता गेली. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या मागच्या दोन चाकांखाली माझे जुने कोल्हापुरी जोड दिसले. चाक चपलेत बसवलं की सरकत नाही, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. माझ्या पिढीचं असंच आहे, एखादी गोष्ट जमली नाही की आम्ही तिचा इतिहास वाचतो. आणि हा इतिहास भलताच रंगतदार निघाला. डाव्या पायानं ब्रेक ही कला खरी फुलवली ती रॅलीवाल्या उत्तरेकडच्या मंडळींनी. स्वीडनचा एरिक कार्लसन साबची पुढच्या चाकांवर चालणारी लहानशी गाडी घेऊन बर्फातून जायचा. पुढच्या चाकांच्या गाडीचा एक हट्टी दोष असतो: वेगात वळवायला गेलं की ती वळत नाही, नाक पुढे करून सरळ जाते. यावर उपाय असा, की उजव्या पायानं इंजिनाचा जोर कायम ठेवायचा आणि डाव्यानं ब्रेक हलकेच टेकवायचा. पुढची चाकं इंजिन ओढतच राहतं, मागची मात्र पकड सोडतात, शेपूट बाहेर सरकतं आणि गाडी वळते. म्हणजे ब्रेक थांबण्यासाठी नव्हेच, वळण्यासाठी! कार्लसन १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकला. फिनलंडचा राउनो आल्टोनेन १९६७ साली तीच रॅली इवल्याशा मिनी कूपरमधून जिंकला, तोही याच पंथातला. कार्लसनला त्याच्या देशात 'छपरावरचा कार्लसन' म्हणत, कारण तो बऱ्याचदा गाडी उलटी करी. हे वाचून मला फार धीर आला.

शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र बराच काळ उजव्या पायाचं राज्य होतं. क्लच होता तोवर डावा पाय अडकलेलाच. उजव्या पायानं मग आपली वेगळी कसरत उभी केली. बोटांनी ब्रेक दाबायचा आणि त्याच वेळी त्याच पायाची टाच किंवा कड वळवून ॲक्सिलरेटरला ठुमका द्यायचा. सुझुकाच्या ट्रॅकवर होंडाची एनएसएक्स चालवणाऱ्या आयर्टन सेन्नाच्या पायांचं जुनं चित्रीकरण आहे. अंगात साधे कपडे, पांढरे मोजे आणि कचेरीत घालावेत असले बूट. वर चेहरा शांत आणि खाली पाय लावणीतल्या नर्तकीचे. मी ते पाहून एकदा आमच्या गाडीत, बंद इंजिनावर, तसं करून बघितलं. पोटरीत गोळा आला.

मग १९८९ साली फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी गाडी आणली. मोसमाच्या पहिल्याच, ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलनं ती पहिली आणली. क्लचची गरज उरली फक्त गाडी जागची हलवण्यापुरती. पुढे इतरांनीही तेच केलं, क्लच हातात गेला आणि डाव्या पायाच्या बेड्या तुटल्या. लहानपणापासून गो-कार्ट चालवलेल्या मुलांना यात काहीच नवल नव्हतं. कार्टमध्ये दोनच पेडलं, डावीकडे ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर आणि मधून स्टिअरिंगचा दांडा खाली गेलेला. एका पायानं दोन्ही करायला वाटच नाही.

तरीही ब्राझीलचा रुबेन्स बारिकेलो पुढे कित्येक वर्षं उजव्या पायानंच ब्रेक दाबत राहिला. त्याच संघातला, शेजारच्या गाडीतला मायकेल शूमाकर डाव्या पायाचा. एकाच कंपनीची, एकाच रंगाची गाडी आणि आत पायांचे दोन संप्रदाय. बारिकेलो १९९३ ते २०११ फॉर्म्युला वनमध्ये होता, त्यानं ११ शर्यती जिंकल्या. शूमाकरनं किती जिंकल्या हे मी मुद्दाम सांगत नाही. मला बारिकेलो आवडतो.

भाच्याला मी बारिकेलोचं उदाहरण फेकून मारलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही बारिकेलो नाही." याला उत्तर नव्हतं.

मग त्यानं खरी मेख सांगितली. खऱ्या गाडीत ब्रेक कळतो तो पायाला कमी आणि अंगाला जास्त. पोट पुढे येतं, पट्टा छातीला रुततो, पाठ सीट सोडते. सिममध्ये यातलं काहीच होत नाही. खुर्ची ढिम्म, पोट जागच्या जागी. त्यामुळे पायानं किती दाबलं हे ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. आणि पेडल किती खाली गेलं यापेक्षा किती जोर लावला हे पायाला नीट आठवतं, असं या खेळातले जाणकार म्हणतात. म्हणून महागड्या पेडलांत जोर मोजणारा लोड सेल असतो, वजनकाट्यासारखा. फॉर्म्युला वनच्या गाडीचा ब्रेक तर शंभर किलोहून जास्त जोर मागतो. आमच्या पेडलात होती साधी स्प्रिंग. "मग रबराचा चेंडू कापून मागे बसवा, पेडल घट्ट होईल," असा सल्ला मिळाला. मी शेजारच्या मुलाकडून एक चेंडू मागून आणला, अर्धा कापला आणि बसवला. उरलेला अर्धा त्याला परत दिला तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरायचा प्रयत्न करतोय.

याच सुमारास कोल्हापूरहून अण्णा आले. अण्णा माझे मोठे काका, वय शहात्तर. गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला आले होते. खोलीतलं स्टिअरिंग पाहून म्हणाले, "हे काय रे? बघू."

मी त्यांना बसवलं. कुठला पाय कुठे, हे सांगायला तोंड उघडणार तोच अण्णांचा डावा पाय आपणहून ब्रेकवर जाऊन बसला. नुसता बसला नाही, टाच जमिनीला, चवडा पेडलवर, अगदी पुस्तकात दाखवतात तसा. गाडी निघाली. वळण आलं. अण्णांनी ब्रेक लावला आणि गाडी सावकाश, घरंदाजपणे वळणातून निघून गेली. मी महिनाभर जिथे वाळू उपसत होतो तिथून.

"अण्णा, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? तीस वर्सं बुलेट चालवली की."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी! जगातल्या बाकीच्या मोटरसायकलींनी उलटी मांडणी धरली तरी ती बुलेट आपल्या जागी ठाम. म्हणजे माझे काका तीस वर्षं, कोल्हापूर ते गगनबावडा, करूळच्या घाटात, डाव्या पायानं ब्रेक लावत होते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"तू काय करतोस त्ये बघितलं मी," अण्णा म्हणाले. "तुडवतोस. ब्रेक तुडवायचा नसतोय लेका. टेकवायचा असतोय." आणि मग त्यांनी गाडीला हॉर्न कुठाय ते विचारलं. हॉर्न नाही म्हटल्यावर त्यांचा रस गेला. तोवर त्यांचा डावा हात तीनदा क्लच शोधत हवेत गेला होता.

भाच्याला हे कळवलं तर तो म्हणाला, आजोबांचं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीला जोरातच दाबायचा, वेग भरपूर असतो तेव्हा. पण वळायला लागलं की सोडत जायचा, चाक जसं वळेल तसा हळूहळू. हे मला फोनवर समजेना, म्हणून मी ते माझ्या भाषेत आणलं. टायर हा पगारदार माणूस आहे. महिन्याला जी काय पकड मिळते ती तेवढीच. सगळी थांबण्यावर खर्च केली तर वळायला पैसे नाहीत. वळणावर उधळली तर थांबता येत नाही. म्हणून थांबण्याचा खर्च कमी करत न्यायचा आणि वाचेल तेवढा वळण्याकडे वळवायचा. दाबायला अक्कल लागत नाही. सगळी मेख सोडण्यात.

आणि सोडणं तर माझ्या डाव्या पायाला येत होतं! क्लच सोडताना तो इतकी वर्षं तेच करत आलेला. पर्वतीच्या पायथ्याच्या चढावर, मागे रिक्षा चिकटलेली असताना, त्यानं किती वेळा गाडी वीतभरही मागे न जाऊ देता क्लच सोडला होता. मी त्याला पंच मशीन म्हणत होतो तो अन्यायच होता. अर्धं शिक्षण त्याचं झालेलंच होतं, मी उगाच पहिलीत बसवलं.

इथून पुढे प्रगती झाली असं लिहायला मला आवडलं असतं. झाली थोडी. पण मध्ये एक प्रकार घडला. बाजारातून परत येताना सोसायटीच्या फाटकात, अगदी पायी चालण्याच्या वेगानं, वॉचमन आडवा आला. आणि माझा डावा पाय, जो खऱ्या गाडीत फक्त क्लचचा, तो उत्साहानं ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी आचका देऊन बंद पडली. मागच्या सीटवरचं कलिंगड गडगडत खाली आलं आणि दोन सीटांच्या मधून डोकावलं.

ही शांतपणे म्हणाली, "अहो, आता कलिंगडालाही पट्टा बांधायचा का?"

त्या दिवसापासून नियम केला. मोजे घातले की सिम, बूट घातले की गाडी. गाडीत डावा पाय क्लच सोडून कुठेही जाणार नाही. मास्तरांनी सांगितलेलं खरं होतं, रस्त्यापुरतं. पायांना हे भान ठेवायला थोडे दिवस लागले, पण आता दोघांनाही कळतं की आपण कोणत्या जगात आहोत. मोंझाच्या त्या पहिल्या वळणात दहापैकी सहा वेळा मी रस्त्यावर असतो. उरलेल्या चार वेळा हिरवळ आहेच.

परवा कोकणात निघालो होतो. ताम्हिणी घाटात गाडी ही चालवत होती आणि मी डावीकडे बसलो होतो, मास्तर बसायचे त्या बाजूला. फरक इतकाच की माझ्या पायाशी काही नव्हतं, एक रबरी चटई तेवढी. इतकी वर्षं हिच्या शेजारी बसून मी त्या चटईवरचा नसलेला ब्रेक इमानानं दाबत आलोय, अर्थात उजव्या पायानं. ते तिला ठाऊक आहे आणि ती त्यावर बोलत नाही.

उतारावर समोरच्या वळणातून एसटी आली. हिनं ब्रेक लावला, चटई दबली. मी सहज खाली पाहिलं. उजवा पाय निवांत आडवा पडला होता. दबलेला होता तो डावा, टाच खाली, चवडा वर. एसटी खेटून गेली, गाडी वळू लागली, आणि तो पाय चटईवरून थोडा, मग आणखी थोडा, असा सैल होत गेला.

"खाली काय बघताय? काही पडलं का?"

"नाही," म्हटलं. "चालव तू."